कप्पीच्या आधारावर नेमका किती भार?

विंचने (दोर ड्रमवर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) 200 किलोचा माल उचलायचा तर कप्पीचं ब्रॅकेट, म्हणजे तिला धरून ठेवणारा आधार, 200 किलोचं धरावं, असं काहीजण म्हणतात. इथेच गफलत आहे. दोर कप्पीवरून सरळ खाली विंचकडे येत असेल, तर आधारावर मालाचं वजन अधिक दोराची ओढ, म्हणजे जवळपास 400 किलो येतात. दोर 90 अंशात वळवला तर सुमारे 283 किलो, आणि तेही 45 अंशात तिरके. घर्षण आणि सुरुवातीचा झटका वेगळाच.

म्हणून जागा बदलता यावी यासाठी कप्पी सरकवता येणारी करताना भाराची दिशाही बदलते, हे आधी कागदावर काढा. नुसत्या स्लॉटमध्ये (लांबट खाचेत) बोल्ट आवळून त्यावर भार सोडू नका. कंपनाने बोल्ट ढिला झाला की कप्पी घसरलीच. चॅनेलला (कप्पी ज्यावर बसते त्या U आकाराच्या लोखंडी पट्टीला) ठरावीक अंतरावर भोकं पाडून आरपार पिन घालणं मला जास्त भरवशाचं वाटतं. बारीक फेरफार हवाच असेल तर स्लॉटच्या टोकाला जॅक-बोल्ट (फिरवला की कप्पीला थोडं थोडं ढकलणारा बोल्ट) द्या.

विंचचा ड्रम 300 मिमी रुंद असेल तर कप्पी त्याच्या मध्यावर, साधारण 4 ते 6 मीटर लांब ठेवा, नाहीतर दोर एका बाजूला चढत जातो. (कप्पीवरून दोर निसटू नये म्हणून लागणारी पट्टी हमखास विसरली जाते.)