जेल पॅड घेतला की मनगटाचा प्रश्न मिटतो?

रबाळेकर: महापे-ऐरोलीत दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्यांनो, मनगट दुखतंय? जेल पॅड घ्या, त्यावर मनगट टेकवून टाइप करा. बाकी काही लागत नाही.

घणसोली_पूर्व: असले सल्ले देऊ नका हो! मनगट टेकवून टाइप केलं की दाब नेमका कार्पल टनेलवर, म्हणजे मनगटातल्या नसेच्या अरुंद वाटेवर येतो. वर हात जागचा हलत नाही, म्हणून लांबच्या कळांसाठी मनगट वाकडं होतं. पॅड टायपिंग थांबल्यावर टेकायला, तेही मनगट नव्हे, तळहाताची टाच, म्हणजे मनगटालगतचा जाड भाग. आधी कीबोर्डचे मागचे पाय मिटवा, त्यांनी मनगट वर मुडपतं. मग कोपर टेबलाच्या उंचीला येईपर्यंत खुर्ची वर घ्या. टेबलं २९-३० इंची, पाच फुटी बाईला उंचच पडतात. खुर्ची चढवली की पाय लोंबकळतात, म्हणून पायाखाली पाट हवाच. माउस कीबोर्डला खेटून.

कळवा_नाका: सगळं मापात असूनही मनगटं जातात, कारण उठू देत नाहीत! दर अर्ध्या तासाला मिनिटभर हात कळांवरून काढायला हवेत. खुर्चीवर खापर फोडलं की टार्गेट लावणारा मॅनेजर नामानिराळा.

घोडबंदरवाला: आणि बाइकच्या क्लचचं काय? घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये डावा हात ऑफिसच्या आधीच दमतो.

घणसोली_पूर्व: धागा टायपिंगचा आहे. बाइकसाठी वेगळा काढा.

घोडबंदरवाला: मनगट वेगळं काढून ठेवता येतं का? क्लचचा लिव्हर उंच असला की मनगट तसंच मुडपतं, जसं तुमच्या कीबोर्डच्या पायांनी. लिव्हर हँडलला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करून लिव्हर खाली फिरवा. सीटवर बसून बोटं ठेवली की कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष हवी. केबल कोरडी असेल तर लिव्हर जड होतो, तेल सोडा. सिग्नलला क्लच धरून बसू नका, न्यूट्रल करा.

कळवा_नाका: आणि लोकलमध्ये एका अंगठ्याने रील सरकवणारे? त्यांचं दुखणं अंगठ्याच्या मुळाशी, ते कार्पल टनेलचं नव्हेच.

घणसोली_पूर्व: बरं, लिव्हरचं मान्य. पण मुंग्या कुठे येतात ते तरी बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मनगटाची नस. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावा. करंगळीत येत असतील तर बहुतेक कोपराची, तिथे पॅड काय करणार? बधिरपणा हटत नसेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील तर डॉक्टर गाठा. शुगर आणि थायरॉइडही तपासा.

रबाळेकर: पॅड मी फेकणार नाही, फक्त थांबल्यावर टेकेन. पण खुर्ची चढवू कशी? आपोआप खाली बसते.

घणसोली_पूर्व: सीट वर-खाली करणारी गॅस लिफ्ट गेलीय. ती सुटी मिळते, अख्खी खुर्ची बदलावी लागत नाही. अ‍ॅडमिनला लेखी मेल टाका, तोंडी सांगू नका.