गाडी वळणात ‘झुकते’ की ‘कलते’? आणि फूटपेगला काय म्हणावं?

मोटरसायकल शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितोय आणि दोन शब्दांपाशी अडलोय. पाय ठेवायच्या दांडीला सगळे ‘फूटरेस्ट’ म्हणतात, क्वचित ‘फूटपेग’. मराठी शब्द काय? आणि वळणात गाडी जितकी तिरकी होते त्या कोनाला ‘झुकाव कोन’ म्हणू का? मला तो हिंदीतून उचलल्यासारखा वाटतो.

प्रतिसाद

कोनाचं आधी बघू, खरी गफलत तिथे आहे. ‘झुकणे’ म्हटलं की बहुतेक वेळा वाकणं आलंच. फळांनी फांदी झुकते, माणूस कमरेत झुकतो. वळणातली गाडी कुठेही वाकत नाही, ताठ राहून एका अंगावर जाते. त्याला आपल्याकडे ‘कलणे’ आहे: पारडं कलतं, होडी कलते, दुपारनंतर सूर्य कलतो. त्याच्या पुढची पायरी ‘कलंडणे’, म्हणजे तोल गेला, गाडी आडवी. या दोन क्रियापदांमधलं अंतरच तर तुम्हाला शिकवायचंय! म्हणून ‘कलकोन’ म्हणा. तो उभ्या रेषेपासून मोजतात, रस्त्यापासून नाही, हे मात्र पहिल्याच ओळीत लिहा.

‘झुकणे’ चालकासाठी राखून ठेवा. गाडी कलते, चालक झुकतो. वेग तोच, वळण तेच, पण चालकाने अंग आतल्या बाजूला काढलं की दोघांचा मिळून गुरुत्वमध्य आत सरकतो आणि गाडीला कमी कलावं लागतं. दोन्हींना एकच क्रियापद वापरलंत तर हे समजावताना वाचक हमखास गोंधळेल.

आकडाही द्या. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणात ताशी ६० किमीला साधारण ३० अंश, ८० ला ४५ अंश. टायर रुंद असेल तर थोडा जास्तच, कारण कलल्यावर रस्त्याला टेकणारा भाग मधून कडेकडे सरकतो. मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतीतले चालक ६० अंशांच्या पुढे जातात, पण ते टायर आणि तो ट्रॅक वेगळाच.

प्रतिसाद

बोलताना आम्ही ‘गाडी झोपवली’ म्हणतो. टिपणात नको, ऐकणाऱ्याला गाडी पडली असं वाटू शकतं.

फूटपेगसाठी ‘पायदान’ सुचवणारे भेटतील. पायदान म्हणजे अख्खा पाऊल मावेल अशी फळी. क्रूझर, म्हणजे लांबच्या आरामशीर प्रवासाच्या गाड्यांना असते तिला तो शब्द चपखल बसतो. दांडीला नाही. ‘पेग’ म्हणजे खुंटी, तेव्हा ‘पायखुंटी’ सरळ आहे. मला मनापासून आवडतो तो ‘रिकीब’. घोडेस्वार रिकिबीत पाय नुसता ठेवत नाही, तिच्यावर भार देऊन अंग उचलतो. मोटरसायकलवरही वळणात बसायची जागा बदलताना भार पायांवरच घ्यावा लागतो, हँडलवर नाही. ‘रेस्ट’ या शब्दाने नेमकं हेच काम झाकून टाकलंय. पण रिकीब लोंबती असते आणि ही चौकटीला जोडलेली, म्हणून मत पायखुंटीला.

प्रतिसाद

पायखुंटी पटली. तिचं आणखी एक काम टिपणात यायला हवं. बऱ्याच गाड्यांत तिच्या टोकाखाली एक बोल्ट खाली लोंबतो. गाडी फार कलली की पहिल्यांदा तोच रस्त्याला लागतो. माझ्या गाडीचा डावा बोल्ट काढून पाहिला, तर टोक तिरकं कापल्यासारखं घासलेलं आणि नाण्यासारखं चकचकीत. उजवा जवळपास कोरा. म्हणजे मी डाव्या वळणात गाडी जास्त कलवतो, हे मला बोल्टने सांगितलं. खुंटी बिजागरीवर असते, रस्ता लागला की वर मुडपते आणि बुटाच्या तळव्याला खरखर जाणवते. ती घट्ट असती तर तिच्यावर गाडी उचलली जाऊन टायरची पकड सुटली असती.

त्या लागण्याला ‘घासणे’ म्हणावं की ‘टेकणे’?

प्रतिसाद

‘टेकणे’ नको. टेकलं म्हणजे आधार मिळाला असा अर्थ होतो, आणि इथे आधार घ्यायचा नाहीये. ‘पायखुंटी घासली’ हेच लिहा.