‘लेमन्स’चं मराठी करताना अडलंय

शब्दहमाल:
एका कारखान्याच्या प्रशिक्षण पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात ‘व्हेन लाइफ गिव्ज यू लेमन्स, मेक लेमोनेड’ आलं. मी लिहून टाकलं, ‘आयुष्यानं लिंबं दिली तर सरबत करा.’ मसुदा तिथल्या सुपरवायझर काकांनी वाचला नि त्यांचा फोन. ‘मॅडम, एप्रिलात लिंबू दहाला एक मिळतंय. कुणी फुकट देत असेल तर ते संकट कसं?’ मी गप्पच. वाईटातून चांगलं काढावं हा अर्थ कळतो हो, पण लिंबानं काय घोडं मारलंय? आणि मराठीत लिहू काय?

आगाऊ:
‘आलिया भोगासी असावे सादर.’ तुकोबांनी सांगून ठेवलंय. विषय संपला.

शब्दहमाल:
नाही ना संपला. पुढे ‘देवावरी भार घालूनियां’ आहे. तिथे सोसायचंय. इथे पिळायचंय, साखर घालायचीय, ढवळायचंय.

डेट्रॉइटकर:
लिंबाचा गुन्हा मी सांगतो. इथे आल्यावर पहिली जुनी गाडी घेतली, तिसऱ्या आठवड्यात गिअरबॉक्स गेला. ऑफिसातला एक जण म्हणाला, ‘यू गॉट अ लेमन.’ म्हटलं, हो, पुढे टांगलंय की, मिरच्यांसकट. त्याला काही कळेना, मला तर त्याहून नाही.

अमेरिकी बोलीत ‘लेमन’ म्हणजे गळ्यात मारलेला खराब माल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा अर्थ रूढ आहे. सारखी बिघडणारी नवी गाडी विकणाऱ्या कंपनीला जबाबदार धरणारा कायदा कनेक्टिकट राज्यानं १९८२ मध्ये केला, त्याला लोक ‘लेमन लॉ’च म्हणतात. (माझी गाडी जुनी. त्यामुळे मी आपला मेकॅनिककडे.) तेव्हा तुमच्या वाक्यातलं लिंबू आंबट आहेच, शिवाय ते फसवणुकीचंही आहे.

आता सरबत कुठून आलं? १९१५ च्या जानेवारीत मार्शल वाइल्डर हा विनोदी कलाकार वारला. उंचीनं अगदी ठेंगणा, शरीरात व्यंग, आणि रंगमंचावर लोकांना हसवून पोट भरलेलं. त्याच्यावरच्या मृत्युलेखात एल्बर्ट हबर्ड या अमेरिकी लेखकानं लिहिलं की नशिबानं धाडलेली लिंबं यानं उचलली आणि लेमोनेडचं दुकान टाकलं. दुकान, बरं का! नुसतं घोटभर सरबत नव्हे. (हबर्ड स्वतः त्याच वर्षी मे महिन्यात ‘लुसिटानिया’ जहाजाबरोबर बुडाला.) पुढे १९४८ मध्ये डेल कार्नेगींच्या पुस्तकात ते उपदेश होऊन आलं आणि तिथून भिंतीवरच्या पोस्टरांवर चढलं.

वापराचं म्हणाल तर माणूस हे स्वतःबद्दल, खांदे उडवून, बहुतेकदा अर्धंच म्हणतो. ‘वेल, व्हेन लाइफ गिव्ज यू लेमन्स...’ एवढंच. परवा नोकरी गेलेल्या माणसाला तुम्ही होऊन ऐकवलंत तर तो तोंडावर हसेल, मनात शिव्या देईल. तुमची पुस्तिका कामगारांना ऐकवणारी आहे, म्हणून जपून.

चुलीपाशी:
कोंड्याचा मांडा करणे! इतकं सरळ असताना कुठे अमेरिकेला निघालात सगळे? मांड्याला वस्त्रगाळ पीठ लागतं, खापरावर टाकला की पलीकडचं दिसावं असा पातळ. आणि कोंडा म्हणजे चाळणीत उरलेला. आमची आजी शेजारणीचं कौतुक याच शब्दांत करायची, ‘कोंड्याचा मांडा करून चार पोरं शिकवली तिनं.’

शब्दहमाल:
अगं, हेच! यात काटकसर जास्त आणि धंदा कमी आहे, पण काकांना फोनवर वाचून दाखवलं तर ‘हां, हे बोला’ म्हणाले. ‘कोंड्याचा मांडा करणारी माणसं’ असं वाक्य फिरवून घेते, म्हणजे उपदेशाचा सूरही जाईल.

एकच घोळ. पानावर टोपलीभर पिवळ्याधमक लिंबांचं चित्र आहे आणि ते बदलायचं नाही म्हणतात.

आगाऊ:
खाली सात मिरच्या काढा.