मदत हवी आहे: गावच्या कंपनीने आधी गोदाम बांधावं की डाळमिल घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडला राहतो, गाव औसा तालुक्यात (जि. लातूर). गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी नोंदवली आहे. मुंबईतली विक्री बघायचं काम माझ्याकडे. आता पहिलं भांडवल कशात घालायचं यावर गाडी अडली आहे.

आमच्याकडे सोयाबीन आणि त्यात आंतरपीक तूर, बहुतेक बीडीएन-७११ वाणाची. रास झाली की देणी समोर उभी, त्यामुळे सगळे एकदमच आडतीवर माल नेतात. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे, पण ज्याला याच आठवड्यात पैसे हवेत तो खरेदी केंद्राची वाट बघत बसत नाही. व्यापारी मूठभर दाणे घेतो, एक दाताखाली फोडतो, "ओल आहे" म्हणतो आणि भाव पाडतो. त्याला उत्तर द्यायला गावात ओलावा मोजायचं साधं यंत्रही नाही!

माझं मत आधी गोदाम. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत गोदामात तारण ठेवलेल्या तुरीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, ६ टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी. देणी भागतात आणि माल पडत्या भावात जात नाही.

गावातली पोरं मात्र डाळमिलवर ठाम आहेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळमिल आणायची, डाळ मुलुंड-ठाण्याच्या सोसायट्यांत थेट विकायची, चुणी (डाळ करताना उरणारा चुरा-टरफलं) गावातल्याच जनावरांना. त्यांचं म्हणणं खोटं नाही. अख्ख्या तुरीला भुंगा फार लवकर लागतो. गेल्या उन्हाळ्यात पोत्यातल्या दाण्यांवर पांढरे ठिपके दिसले, ती भुंग्याची अंडी. बघता बघता दाणे पोखरले गेले. डाळ करून ठेवली तर हा त्रास बराच कमी.

गोदामाला कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे आणि डाळमिलला सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून ३५ टक्के अनुदान. एकाच कंपनीने दोन्ही घेतल्याचं कुणी पाहिलंय का? बँक आधी कशाला हो म्हणते?

दुसरं, मिनी मिलवर तेल-पाणी देऊन, वाळवून, भरडून क्विंटलमागे प्रत्यक्षात किती डाळ पदरात पडते? विकणारे ७० किलोच्या पुढचे आकडे सांगतात. मला मिल स्वतः चालवणाऱ्याचा आकडा हवाय. आणि बिनपॉलिशची डाळ मुंबईतली गिऱ्हाईकं दुसऱ्यांदा मागतात का?

कितीतरी कंपन्या नोंदणीच्या कागदावरच राहतात. आमची तशी राहू नये अशी फार इच्छा आहे. अनुभव असेल त्यांनी खर्चाच्या आकड्यांसकट लिहा, पुढच्या बैठकीत संचालकांपुढे वाचून दाखवेन.