"मैफलीला जायचं कशाला, मोबाइल आहे की!" या पोस्टला उत्तर

लातूरची श्रोती: काल इथं कुणीतरी लिहिलं की आवडत्या गायकाला ऐकायला लातूरहून पुण्याला जाणं म्हणजे पैशाचा चुराडा, मोबाइलवर सगळं फुकट अन् जास्त स्वच्छ. साफ चूक आहे हे. मोबाइलच्या स्पीकरमधून डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याचा) घुमारा निघतच नाही, फक्त थाप ऐकू येते. ध्वनिमुद्रणात बहुतेक वेळा हळू आवाज वर उचललेला आणि मोठा आवाज दाबलेला असतो. गायकानं आवाज कुठं राखला, कुठं सोडला, हे मग कळणार कसं? तबलावादक झाकीर हुसेन 15 डिसेंबर 2024 ला गेले. मुद्रणं उरली, समोर बसून ऐकणं संपलं.

बीडकर: पुण्याचं सोडा, आपल्या मैदानावर या. लग्नातला डीजेचा सेट आणि अठरा इंची बास. गायकाच्या माइकचा 80-100 हर्ट्झखालचा भाग कापायचा असतो, तो कुणी कापत नाही. मागच्यांसाठी 100 फुटांवर जादा स्पीकर लावतात, पण डिले देत नाहीत, म्हणजे त्या स्पीकरचा आवाज जरा उशिरा सोडत नाहीत. आवाजाला तेवढं अंतर कापायला सुमारे 88 मिलिसेकंद लागतात. तेवढं थांबवलं नाही की प्रत्येक तान दुहेरी ऐकू येते. यापेक्षा हेडफोन लई बरा.

तबलजी परभणी: साउंडवाल्याला कशाला धरता? खरा घोळ सत्काराचा आहे! आपल्या उन्हाळी कोरड्या हवेत पुडी (तबल्याचं चामडं) ताणते, तबल्याचा सूर चढतो. दिव्यांच्या उष्णतेनं तानपुऱ्याच्या तारांचा सूर उतरतो. दोन्ही उलट्या दिशेला जातात, म्हणून वाद्यं अर्धा तास आधी, दिवे चालू ठेवून, जागेवर जुळवावी लागतात. नेमकं तेव्हा व्यासपीठावर शाल-श्रीफळ चालू. जुळवलेली वाद्यं उचलून कोपऱ्यात, माइक हललेले.

बीडकर: मान्यवर नसतील तर देणगी कोण देणार? तिकिटावर मंडप तरी निघतो का?

तबलजी परभणी: मग सत्कार मध्यंतरात करा, व्यासपीठाखाली, दहा मिनिटांत! साडेसहाची वेळ, सुरुवात पावणेआठला, भाषणं साडेआठपर्यंत. दहाला माइक बंद. जुळवाजुळव धरून गायकाला सव्वा तास मिळतो. विलंबित एकतालातला बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतली रचनाच चाळीस मिनिटांची. दरबारी, मालकंस हे उशिरा रात्रीचे राग ऐकायचे कधी?

नांदेडकर: दहाची अट उघड्या जागेची आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत बंद सभागृहाला, आवाज आतल्या आत राहिला तर, सूट आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंतची सवलत मिळू शकते, पण ती सणावारांतच संपते. मैदान सोडा, नाट्यगृह घ्या.

बीडकर: नाट्यगृहाचं भाडं तुम्ही भरणार का? उन्हाळ्यात एसी बंद पडला तर आत बसवेल का? उगाच नियम शिकवू नका.

नांदेडकर: मग दहाच्या नावानं रडू नका.

लातूरची श्रोती: मूळ मुद्दा हरवला. बीडकर, तुमचं सगळं आयोजनाबद्दल आहे, प्रत्यक्ष ऐकण्याबद्दल नाही. छोट्या सभागृहात शंभर-दीडशे लोकांसमोर बिनमाइकचं गाणं होतं, तिथं तुमचा डिले लागतच नाही.

बीडकर: बिनमाइकचं असेल तर येतो. मैदानाबद्दल मात्र एक शब्द मागं घेणार नाही.

तबलजी परभणी: पंखा तबल्यावर येणार नाही असं बसवा. आणि सत्कार मध्यंतरात!