प्रति: चिकुनगुनियानंतर आखडलेले सांधे

काका, ताप जाऊन दोन महिने झाले तरी सकाळी मूठ वळत नाही म्हणता, आमच्या आईचंही तसंच झालं होतं. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. फिजिओबाईंनी तिला कोमट पाण्याच्या टाकीत छातीपर्यंत उभं करून चालवलं. तेवढ्या पाण्यात गुडघ्यांवर शरीराचं जेमतेम तिसरा हिस्सा वजन येतं, म्हणून जमिनीवर न वाकणारा पाय तिथे वाकतो. घरी ती घंगाळातल्या कोमट पाण्यात स्पंज पिळत बसायची; दहा मिनिटांनी चहाचा कप उचलता यायचा. विषाणूवर याचा काही इलाज नाही हं, आखडलेपण तेवढं सुटतं. सांधा लाल, सुजलेला असेल तर कढत पाणी नको. आणि पहिल्याच दिवशी अर्धा तास नका करू. आईनं केलं, दुसरा दिवस झोपून काढला.