मदत हवी आहे: काड्या मेणात बुडवून नेल्या तरी पेटल्या नाहीत (गुरुवारच्या आत सांगा)

ओलाचिंब
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो, वेळ नाहीये. गेल्या महिन्यात ट्रेकला काड्या मेणात बुडवून नेल्या होत्या, व्हिडिओत दाखवतात तश्शाच, आणि ऐन वेळी एकही पेटली नाही. एकही म्हणजे एकही. चाळीसेक काड्या घासल्या असतील, नुसतं खर्र खर्र आणि बोटाला तपकिरी लगदा. आमच्यातला एक जण थडथड कापत बसलेला आणि आम्ही तिघं आळीपाळीने काड्या घासतोय. शेवटी कसंबसं निभावलं. आता १५ ऑगस्टला जोडून परत जातोय, गुरुवारी रात्री निघणार. मेणाचं काय चुकलं? का दुसरं काही लावायचं असतं? कृपया "लायटर घ्या" सांगू नका.

टपरीछाप
लायटर घ्या.

रानवाट७
कुठला ट्रेक? किती जण? काड्या लाकडी की त्या मेणकागदाच्या? मेण कुठलं? ठेवल्या कशात होत्या? काहीच न सांगता "काय चुकलं" विचारलंत तर आम्ही काय पत्रिका मांडायची का.

गुळपोळी
मेण विसरा. नेलपॉलिश. पारदर्शक घ्यायचं, गुल आणि त्याखाली अर्धा सेंटीमीटर काडी बुडवायची, वाळवायची, झालं. मी सहा वर्षं हेच करतोय. बायकोचं नेलपॉलिश एका ट्रेकला पुरतं.

मंजिरी_ठाणे
बायकोचं कशाला? बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळतं, स्वतःचं घ्या की.

गुळपोळी
ताई, घेतलं होतं. तेही तिनेच लावलं.

ओलाचिंब
@रानवाट७ हरिश्चंद्रगड, पाचनईकडून. चौघं. काड्या साध्या, किराणा दुकानातल्या. मेण मेणबत्तीचं. प्लास्टिकच्या पिशवीत होत्या. यात अजून काय सांगायचं असतं?

दगडफूल
काडी हा प्रश्नच नाहीये, पेटवणार काय हा प्रश्न आहे. जुलैत गडावरचं लाकूड वरून-खालून निथळत असतं, तिथे काडी काय मशाल दिली तरी पेटणार नाही. सायकलची जुनी ट्यूब घ्या, बोटभर रुंद पट्ट्या कापा, भर पावसात जळते. किंवा कापसाच्या बोळ्याला पेट्रोलियम जेली चोळून डबीत भरा, एक बोळा तीन-चार मिनिटं आरामात जळतो. लाकूड घेताना जमिनीवर पडलेलं नाही, उभं वाळलेलं घ्या, साल काढा, कोयत्याने उभं चिरा, आतला गाभा बऱ्यापैकी कोरडा असतो. त्या गाभ्याच्या काडीएवढ्या ढलप्या काढा, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या. लोक थेट ओंडक्याला काडी लावतात आणि मग पावसाला शिव्या देतात.

घाटमाथा
@दगडफूल, हे सगळं कुठे करायला सांगताय याची कल्पना आहे का? कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे कोयता घेऊन उभं झाड चिरा म्हणताय? वाळलं असलं तरी ते वन खात्याचं. आणि वन्यजीव कायद्यात अभयारण्यात धोका होईल अशी आग पेटवायला बंदी आहे. गुहांची छतं बघा काय काळी झालीत. आपल्यासारख्यांनीच केलीत.

दगडफूल
म्हणजे माणूस गारठून मेला तरी चालेल पण छत काळं व्हायला नको.

घाटमाथा
गारठलेल्याला आधी शेकोटी लागत नाही, आधी ओले कपडे उतरवायला लागतात. कोरडा टीशर्ट, कानटोपी, खाली मॅट, वाऱ्याच्या आड बसवा, दोन्ही बाजूंनी दोघं चिकटून बसा, शुद्धीत असेल तर गोड गरम काहीतरी पाजा. दारू अजिबात नाही. ओल्या अंगाने शेकोटीसमोर बसवलंत तर पुढून भाजेल, मागून गारठेल. कोरड्या कपड्यांचा एक जोड दोन पिशव्यांत बांधून नेला असता तर हा धागाच निघाला नसता.

ओलाचिंब
अहो शेकोटी कोण करतंय!! गॅसचा छोटा स्टोव्ह होता. चहा-मॅगी. त्याचं स्वतःचं खटक्याचं बटण ओलं झालं, ठिणगीच पडेना, म्हणून काड्या.

रानवाट७
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं राव. वीस प्रतिसाद लाकडावर गेले.

टपरीछाप
वीस नाही, दोन. बाकी भांडणं आहेत. आणि लायटर का नको ते अजून कळलं नाही.

ओलाचिंब
लायटर होता. खिशात होता. भिजला.

टपरीछाप
भिजलेला चाकाचा लायटर मेलेला नसतो. जोरात फुंकर मारून पाणी उडवायचं, चाक कोरड्या कापडावर वीस-तीस वेळा फिरवायचं, आतली गारगोटी सुकली की ठिणगी येते. खटक्याचा असेल तर विसरा. चाकाचा, पारदर्शक, आत गॅस किती आहे ते दिसणारा घ्या आणि झिपच्या पिशवीत ठेवा. खिशात काय ठेवता.

सुगरण_साताऱ्याची
काडेपेटीत चार तांदळाचे दाणे टाकून ठेवा, सादळत नाही. आम्ही मिठाच्या बरणीत टाकतो पावसाळ्यात.

केमिकल_लोचा
मूळ प्रश्नाकडे येऊ का? @ओलाचिंब, दोन गोष्टी सांगा. एक, घासल्यावर गुल गळून पडत होता का जागेवर राहत होता? दोन, घासायची बाजू कुठे होती?

ओलाचिंब
गुल जागेवर. घासायची बाजू म्हणजे काय, काडेपेटीलाच असते ना. पेटी पिशवीतच होती पण दुपारी चहाला काढली होती तेव्हा जरा पाऊस लागला असेल. नक्की आठवत नाही.

केमिकल_लोचा
सापडलं. तुमच्या काड्या चांगल्याच होत्या, पेटी मेली होती.

सुरक्षा काडीची गंमतच ही आहे की पेटवायचं सामान दोन ठिकाणी वाटलेलं असतं. गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक, काचेची भुकटी आणि डिंक. लाल फॉस्फरस मात्र काडीत नसतोच, तो पेटीच्या बाजूला फासलेला असतो. घासल्यावर त्याचा कणभर उडतो, तापतो, आणि गुलातल्या क्लोरेटशी गाठ पडून गुल पेट घेतो. तुम्ही काडीला रेनकोट घातलात आणि पेटीला भिजू दिलंत. बोटाला लागलेला तो तपकिरी लगदा म्हणजे ओल्या पुठ्ठ्यासकट निघालेला फॉस्फरसचा थर. त्यावर सोन्याची काडी घासली तरी पेटणार नाही.

शिवाय गुलावरचं मेण खरवडलं नसणार. मेण घासायच्या बाजूवर माखलं की ती गुळगुळीत होते, म्हणजे जो थोडाफार थर कोरडा उरला असेल तोही गेला.

ओलाचिंब
खरवडायचं असतं???

केमिकल_लोचा
नखाने, टोकावरचं फक्त. हळू, नाहीतर मेणाबरोबर गुलही येतो.

वामनराव_पेणचे
काहीतरीच. आमचे आजोबा काडी दगडावर घासून पेटवायचे, धोतराला घासूनसुद्धा. पेटी लागायचीच नाही. आताच्या काड्यांत दमच नाही.

केमिकल_लोचा
काका, त्या वेगळ्या काड्या. त्यांच्या गुलातच फॉस्फरसचं संयुग असायचं म्हणून कुठेही घासली तरी पेटायची, खिशातसुद्धा. आपल्याकडे किराणा दुकानात मिळते ती सुरक्षा काडी.

वामनराव_पेणचे
आणि पेटी पन्नास पैशांना होती. २००७ साली रुपया केला, डिसेंबर २०२१ पासून दोन रुपये. काड्या मात्र मोजून बघा एकदा.

टपरीछाप
मोजल्या का तुम्ही काका?

वामनराव_पेणचे
निवृत्त आहे. मोजल्या. पेटीगणिक वेगळ्या.

रानवाट७
धागा शिवकाशीला पोचायच्या आत: @ओलाचिंब, तुमच्या काड्या त्या मऊ मेणकागदाच्या असतील तर गरम मेणात बुडवूच नका. त्यांची काडी मुळात मेणावरच ताठ असते, गरम लागलं की वाकते आणि घासताना मोडते. लाकडी घ्या. मेण थेट गॅसवर वितळवू नका, पेट घेतं. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, मेण पातळ झालं की गॅस बंद करा, कडेला साय धरायला लागली की मग बुडवा. एकदाच, पटकन. दोन-तीनदा बुडवून जाड केलंत की खरवडायलाच अर्धा तास.

गुळपोळी
म्हणूनच म्हणतो नेलपॉलिश. खरवडायची भानगडच नाही. थर पातळ असतो, घासल्यावर फुटतो.

रानवाट७
दोन थर दिले की फुटत नाही, नुसती घसरते. अनुभव आहे.

गुळपोळी
दोन थर कोणी सांगितले? मी एकच म्हणालो. प्रतिसाद नीट वाचत जा.

मंजिरी_ठाणे
नेलपॉलिश लावून काड्या वाळवायला थर्माकोलमध्ये खोचू नका एवढंच सांगते. मी खोचल्या होत्या. ओघळ खाली गेला तिथे थर्माकोल विरघळून भोकं पडली, सगळ्या काड्या आडव्या होऊन एकमेकींना चिकटल्या, झाडूचा बुडखा झाला नुसता. आता कणकेच्या गोळ्यात खोचते. आणि स्वयंपाकघरात करू नका, त्याची वाफ पेट घेते, खिडकीजवळ रात्रभर राहू द्या.

उंबरठा
कापूर कोणीच बोललं नाही? देवघरातला. पाण्यावर तरंगताना पण जळतो, लहानपणी आम्ही परातीत सोडायचो. दोन वड्या आणि एक धडकी काडी, बस. फक्त घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. मी एकदा कागदाच्या पुडीत ठेवून महिनाभर सॅकमध्ये विसरलो, पुडी होती, वास होता, कापूर उडून गेलेला.

दगडफूल
पहिली काडीच पेटली नाही तर कापूर काय आरतीला? फेरो रॉड घ्या, म्हणजे घासली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी. पाण्यात बुडवून काढली, पुसली, घासली की ठिणग्या, तीन हजार अंशांच्या आसपास. गॅसचा स्टोव्ह तर पहिल्या झटक्यात धरतो. ना पेटी, ना गुल, ना नेलपॉलिश.

टपरीछाप
किती रुपये?

दगडफूल
दोनशे-तीनशेपर्यंत.

टपरीछाप
लायटर दहाचा येतो.

केमिकल_लोचा
@ओलाचिंब, घासायच्या बाजूचं काय करायचं ते सांगायचं राहिलं. दोन नव्या पेट्यांच्या बाजू कात्रीने कापून घ्या. एक पट्टी काड्यांच्या डबीत आणि दुसरी वेगळ्या झिपच्या पिशवीत, दुसऱ्या माणसाच्या सॅकमध्ये. डबीत ठेवाल ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून, गुल आणि पट्टी एकमेकांना घासता कामा नयेत, सॅक हिंदकळते. डबी म्हणजे औषधाची रुंद तोंडाची, आट्याच्या झाकणाची. बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी मिळाली तर तीही टाका. आणि काडी काढताना हात कोरडा करा. हे सगळं करून लोक थबथबलेल्या बोटांनी पट्टी धरतात.

सुगरण_साताऱ्याची
पुडी नसेल तर तांदूळ.

घाटमाथा
आणि स्टोव्ह गुहेच्या अगदी आत, मागे सॅका रचून तोंड बंद करून लावू नका. धूर दिसत नाही म्हणून विषारी वायू नसतो असं नाही.

ओलाचिंब (बुधवार)
काल रात्री बाथरूममध्ये प्रयोग केला. लाकडी काड्या, सहा मेणाच्या, सहा नेलपॉलिशच्या, सहा तशाच. तिन्ही वाट्या पाण्यात तासभर. बाहेर काढून पुसल्या, नव्या कोरड्या पट्टीवर घासल्या. साध्या सहाच्या सहा गेल्या, गुल नुसता चिखल. मेणाच्या चार पेटल्या, दोनांचा गुल खरवडतानाच निघाला (माझं नख). नेलपॉलिशच्या पाच पेटल्या, सहावी घसरत राहिली, तिच्यावर बहुतेक जास्त लागलं होतं. मग मुद्दाम जुलैतली ती पेटी शोधून काढली, सॅकच्या खालच्या खणात होती, आणि अगदी नवी कोरडी काडी तिच्यावर घासली. काही नाही. पाच घासल्या. काही नाही. म्हणजे त्या रात्री आम्ही चाळीस चांगल्या काड्या वाया घालवल्या. लोचा साहेब, मानलं.

कणकेचा गोळा उत्तम, मंजिरीताई. आईने सकाळी त्याची पोळी लाटायला घेतली होती, वेळेत ओरडलो.

गुळपोळी
पाच विरुद्ध चार. मी काही बोलत नाही.

रानवाट७
दोन नखाने गेल्या, मेणाने नाही.

टपरीछाप
एवढ्या वेळात लायटर घेऊन आला असतास.

ओलाचिंब
तोही घेतला. चाकाचा. पारदर्शक. झिपमध्ये.

घाटमाथा
कोरडे कपडे?

ओलाचिंब
दोन पिशव्यांत.

उंबरठा
सगळं झालं, पण गॅसचा डबा हलवून बघितलास का? तो जुलैतलाच असेल ना.

ओलाचिंब
...आत्ता बघितला. जेमतेम एक चहा होईल. दुकान कितीपर्यंत उघडं असतं कोणाला माहितीये का, पुण्यात, कोथरूडच्या बाजूला?